पाठीमागचा गडी

फुटबॉलचा सामना पाहून परतणाऱ्या मुलांस "आज काय झालें?" असें विचारावें, तर तीं एका दमांत सांगतात कीं, अमक्यानें दोन गोल केले आणि तमक्यानें एक केला. पाठीमागें उभ्या असलेल्या बॅकनें काय केलें, असें पुढें विचारलें म्हणजे मात्र तीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. बॅकची आठवण राहते ती बहुधा त्याच्या एखाद्या चुकीमुळें. त्याच्या पायाखालून चेंडू निसटला आणि आपल्यावर गोल झाला, एवढेंच त्याचें चरित्र. फॉरवर्डचें यश मोजतां येतें, आणि बॅकचें अपयश मोजतां येतें. उलट, फॉरवर्डनें दहा वेळां चेंडू वायां दवडला तरी तें कोणी लिहून ठेवीत नाहीं, व बॅकनें दहा वेळां तो अडविला तरी तेंहि कोणी लिहून ठेवीत नाहीं. हा हिशेब मुळांतच एकांगी आहे. तो केवळ खेळापुरता असता तर त्याविषयीं या वार्षिकाचीं पानें अडविण्याचें कारण नव्हतें. परंतु हाच हिशेब आपण घरीं व शाळेंत मुलांच्या बाबतींतहि लावीत असतों, म्हणून चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

माझें म्हणणें थोडक्यांत असें. जो पुढें धांवून मिळवितो, त्याची परीक्षा एका दिवसांत होऊं शकते. जो पाठीमागें राहून राखतो, त्याची परीक्षा एका दिवसांत होऊं शकत नाहीं. त्याचें माप काळानेंच घेतलें पाहिजे. यास्तव अशा माणसाच्या आयुष्यांतील एखादाच दिवस उचलून त्यावरून त्याची किंमत ठरविणें, मग तो दिवस विजयाचा असो वा फजितीचा, हा त्याच्यावर अन्यायच होय. हें म्हणणें कोरड्या उपदेशासारखें वाटूं नये म्हणून आपल्याच देशांतील एका बॅकचें चरित्र वाचकांपुढें ठेवितों. हे बॅक म्हणजे कलकत्त्याच्या मोहन बागान संघाचे कप्तान शैलेन मन्ना.

शैलेंद्रनाथ मन्ना यांचा जन्म १ सप्टेंबर १९२४ रोजीं हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हावडा येथें झाला. इ. स. १९४० मध्यें, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास, ते हावडा युनियन या संघांतून खेळूं लागले. हा संघ त्या वेळीं कलकत्ता लीगच्या दुसऱ्या वर्गांत होता. दोन वर्षांनीं, १९४२ सालीं, ते मोहन बागानमध्यें आले. तेव्हांपासून १९६० सालीं त्यांनीं खेळ थांबविला तोंपर्यंत, म्हणजे एकोणीस हंगाम, ते त्याच एका क्लबाचे राहिले. त्यांपैकीं १९५० ते १९५५ या काळांत ते संघाचे कप्तान होते. एकोणीस हंगाम म्हणजे केवढा काळ, हें मुलांनीं अशा रीतीनें मोजून पाहावें : पहिल्या इयत्तेंत नांव घातलेलें मूल शाळा संपवितें, कॉलेज संपवितें, नोकरीस लागतें, तरी हा गडी आपला त्याच जागीं उभा आहे.

ज्या क्लबांत ते गेले त्याचा वारसा मोठा होता. मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजीं झाली. २९ जुलै १९११ रोजीं या संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघास दोन गोलांस एक असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. भारतीय संघाकडे ही शील्ड येण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवशींचे दोन गोल शिवदास भादुरी व अभिलाष घोष यांनीं केले, आणि त्यांचीं नांवें बंगाल्यांत घरोघरीं गेलीं. त्याच संघांत सुधीर चटर्जी नांवाचे एक बॅक होते. बाकीचे दहा जण अनवाणी खेळले. पायांत बूट होते ते एकट्या चटर्जींच्या. ते ख्रिस्ती होते व पुढें रेव्हरंड झाले, ही गोष्ट आपल्या शाळेंतील पुष्कळ मुलांस ठाऊक नसेल. गोल मोजले गेले. परतविलेले हल्ले मोजण्याची चाल तेव्हांहि नव्हती.

आतां बॅकचें काम म्हणजे काय, तें पाहूं. मन्ना खेळूं लागले त्या काळीं आपल्याकडे संघाची मांडणी जुन्या पद्धतीची असे : पुढें पांच फॉरवर्ड, मध्यें तीन हाफ-बॅक, त्यांच्या पाठीमागें केवळ दोन बॅक, आणि सर्वांच्या शेवटीं गोलकीपर. त्यांतून १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदललेला. त्यापूर्वीं चेंडू पुढें देतेवेळीं तो घेणाऱ्या गड्याच्या पुढें प्रतिपक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. आतां दोन असले तरी पुरेसें झालें. जुन्या नियमांत एका बॅकनें पुढें सरकावें, दुसऱ्यानें मागें राहावें, आणि आंत घुसलेला फॉरवर्ड आपोआप नियमाच्या कचाट्यांत सांपडावा, असा एक सोपा उपाय होता. नव्या नियमानें तो उपाय धोक्याचा ठरला. तेव्हांपासून बॅकला नियमाच्या आधारापेक्षां स्वतःच्या नजरेच्या आधारावर उभें राहणें भाग पडलें.

शिवाय कलकत्त्याचा फुटबॉल बराचसा पावसाळ्यांतला. चेंडू भिजून जड झालेला, पायाखालीं चिखल, आपले गडी बहुतेक अनवाणी, आणि स्वातंत्र्यापूर्वींच्या दिवसांत समोर पलटणींचे बूट घातलेले गोरे गडी. अशा जमिनीवर जो बॅक चेंडू आल्यावर धांवतो तो घसरतो. जो चेंडू येण्यापूर्वींच योग्य जागीं जाऊन उभा राहतो, त्याला फारसें धांवावेंच लागत नाहीं. चेंडू कोठें पडणार हें आधीं ओळखण्याबद्दल मन्नांची ख्याति होती. त्यांची फ्री-किक जबर असे, आणि त्यांचा खेळ सचोटीचा होता. परंतु यांत एक गंमत आहे. जो बॅक उशिरां पोहोंचतो व लोळण घेऊन चेंडू काढतो, त्याला टाळ्या मिळतात. जो आधींच पोहोंचलेला असतो, त्याच्याविषयीं प्रेक्षकांस वाटतें, चेंडू आपण होऊनच त्याच्या पायाशीं गेला. राखणीच्या कामांत निपुणता जितकी अधिक, तितकें तें काम कमी दिसतें.

मन्ना मोहन बागानमध्यें आले तो काळहि साधा नव्हता. महायुद्ध चालू होतें. १९४३ सालीं बंगाल्यांत भयंकर दुष्काळ पडला. १९४६ च्या ऑगस्टांत कलकत्त्यांत दंगे उसळले, आणि त्या वर्षीं आय. एफ. ए. शील्डचे सामने झाले नाहींत. अशा दिवसांत संघ एकत्र ठेवणें हेंच मोठें काम होतें. त्याच काळांत मोहन बागाननें १९४३ व १९४४ अशीं दोन वर्षें लागोपाठ कलकत्ता लीग जिंकली, आणि १९४७ सालीं शील्डहि मिळविली. १९११ नंतर ती या संघाकडे परत आली ती छत्तीस वर्षांनीं.

यानंतर असा एक दिवस आला कीं, त्यावरूनच मन्नांची किंमत करावयाची तर ती कवडीमोल ठरली असती. १९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने झाले. स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ प्रथमच तेथें उतरला होता. संघाचे कप्तान होते तालिमेरेन आओ. हेहि मोहन बागानचेच गडी, आणि तेहि राखणीच्या बाजूचे. नागा टेकड्यांतील एका ख्रिस्ती पाळकाचे हे पुत्र. मुलानें डॉक्टर व्हावें अशी वडिलांची इच्छा होती. म्हणून कलकत्त्यास वैद्यकीचा अभ्यास व फुटबॉल हीं दोन्हीं ते बरोबरीनें करीत. पुढें ते डॉक्टर होऊन आपल्या डोंगरांत परतले, व लोकांच्या औषधपाण्यांत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें. अशा कप्तानाच्या हाताखालीं मन्ना लंडनला खेळले.

३१ जुलै १९४८ रोजीं लंडनजवळील इलफर्ड येथें भारताची गांठ फ्रान्सशीं पडली. आपले बहुतेक गडी अनवाणी होते. पहिल्या अर्ध्या तासांत फ्रान्सनें एक गोल केला; उत्तरार्धांत सारंगपाणी रामन यांनीं तो फेडला; आणि सामना संपण्यास मिनिट दोन मिनिटें उरलीं असतां फ्रान्सनें दुसरा गोल केला. भारत दोन गोलांस एक असा हरला. या सामन्यांत भारतास दोन पेनल्टी मिळाल्या होत्या. बारा यार्डांवर चेंडू, समोर एकटा गोलकीपर, आणि मध्यें कोणी नाहीं. दोन्ही पेनल्टी वायां गेल्या, आणि त्यांतील एक मन्नांनीं मारलेली होती.

पालकहो, येथें क्षणभर थांबून विचार करावा. एका गोलानें हरलेला सामना, तोहि परदेशांत, तोहि नव्या राष्ट्राच्या नांवानें. आणि हातीं आलेली संधि ज्याच्या पायानें गेली असा हा चोवीस वर्षांच्या आंतला तरुण. त्या संध्याकाळीं त्याच्या नांवापुढें काय लिहावयाचें? आपल्यापैकीं पुष्कळांची लेखणी 'नापास' असें लिहून मोकळी झाली असती. मुलगा वर्षभर सकाळीं उठून अभ्यास करतो, लहान भावंडांना सांभाळतो, शाळेंत एक दिवस गैरहजर राहत नाहीं. आणि गणिताच्या एका पेपराच्या तीन तासांत त्याची बुद्धि गोंधळते. निकालाच्या दिवशीं घरांत जें बोलणें होतें, त्यांत त्या वर्षभराचा उल्लेखहि नसतो. बाकीचे तीनशें चौसष्ट दिवस जणूं उगवलेच नव्हते! पुष्कळ मुलें अशा संध्याकाळीं स्वतःविषयीं जें मत बनवितात, तें पुढें जन्मभर सोडीत नाहींत, हें मीं शिक्षकाच्या खुर्चीवरून पुष्कळदां पाहिलें आहे.

मोहन बागाननें काय केलें? लंडननंतर दोन वर्षांनीं, १९५० सालीं, त्याच माणसास आपला कप्तान केलें. त्याच वर्षीं ब्राझील देशांत व्हावयाच्या जागतिक चषकाच्या सामन्यांस भारताचा संघ जावयाचा होता, व त्याचेहि कप्तान मन्नाच व्हावयाचे होते. तो संघ गेला नाहीं. आपल्या गड्यांना बूट घालावयाचे नव्हते म्हणून आपण गेलों नाहीं, अशी कथा मागाहून सर्वत्र पसरली. मन्नांनीं स्वतः उतारवयांत निराळें सांगितलें आहे. त्या वेळीं आपल्याकडे ऑलिंपिकलाच महत्त्व होतें, आणि जागतिक चषकाची थोरवी कोणाला फारशी कळलेली नव्हती, असें त्यांचें म्हणणें. पण बुटांची कथा एका वाक्यांत मावते, म्हणून तीच लोकांच्या तोंडीं राहिली. माणसांच्या बाबतींत आपण करतों ती चूक इतिहासाच्या बाबतींतहि करतों. जें एका वाक्यांत मावतें तेवढेंच खरें समजतों.

१९५१ च्या मार्च महिन्यांत नवी दिल्ली येथें पहिले आशियाई सामने भरले. भारताचे कप्तान मन्ना होते, व शिकविणारे गुरु हैदराबादचे सैयद अब्दुल रहीम. भारतानें इंडोनेशियास तीन गोलांनीं हरविलें, अफगाणिस्तानास तीन गोलांनीं हरविलें, आणि १० मार्च रोजीं अंतिम सामन्यांत इराणला एका गोलानें हरवून सुवर्णपदक जिंकलें. तो एक गोल साहू मेवालाल यांनीं केला, आणि भारताच्या फुटबॉलच्या इतिहासांत तो योग्य मानानें लिहिला गेला आहे. परंतु मुलांनीं दुसऱ्या बाजूचा आंकडाहि पाहावा. तीन सामने; भारताचे गोल सात; भारतावर झालेले गोल शून्य. मेवालाल यांच्या गोलास सुवर्णाचें मोल आलें तें या शून्यामुळें. इराणनें एक गोल फेडला असता तर त्या गोलाची गोष्ट निराळी झाली असती. शाळेंत आम्ही शिकवितों कीं, शून्याला स्वतःची किंमत नाहीं. बॅकच्या पाटीवर मात्र शून्याइतका मोठा आंकडा दुसरा नाहीं.

येथेंच चरित्र संपवितां आलें असतें तर तें गोष्टीच्या पुस्तकांत शोभलें असतें : पेनल्टी चुकली, धीर धरला, सुवर्ण मिळालें. खऱ्या आयुष्याचे धडे इतके नीट ओळींत येत नाहींत. दिल्लीच्या विजयास दीड वर्षहि झालें नव्हतें तोंच, १५ जुलै १९५२ रोजीं, हेलसिंकी येथील ऑलिंपिकांत मन्नांच्याच कप्तानकीखालीं भारताची गांठ युगोस्लाव्हियाशीं पडली. भारत दहा गोलांस एक असा हरला. त्या संघानें पुढें त्या ऑलिंपिकांत रौप्यपदक मिळविलें, म्हणजे तो केवढ्या तोलाचा होता हें उघड आहे. तरी पण दहा गोल ते दहा गोल. जो बॅक आणि कप्तान, त्याच्यावर त्यांतील प्रत्येक गोलाचें ओझें. आपल्याकडे अनवाणी खेळण्याची चाल मागें पडून बूट सक्तीचे झाले, तें या पराभवानंतर.

आतां ज्याला एका दिवसावरून माणूस तोलावयाचा असेल, त्यानें सांगावें कीं, खरा मन्ना कोणता? दिल्लीचा कीं हेलसिंकीचा? माझें उत्तर असें कीं, दोहोंपैकीं कोणताहि नव्हे. खरा मन्ना हेलसिंकीहून परतल्यानंतर पुढच्या हंगामांत आपल्या जागीं येऊन उभा राहिला, तो. १९५३ सालीं मोहन बागाननें ड्युरँड चषक प्रथम जिंकला. अंतिम सामन्यांत प्रतिपक्षावर चार गोल झाले व मोहन बागानवर एकहि झाला नाहीं. १९५४ सालीं लीग व शील्ड हीं दोन्हीं संघाकडे आलीं. १९५५ सालीं संघ आपल्या मुंबईस येऊन रोव्हर्स चषक जिंकून गेला. याच चषकासाठीं १९२३ सालीं मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत येऊन डरहॅम पलटणीकडून हरला होता. मुंबईंतील तें उणें भरून निघण्यास बत्तीस वर्षें लागलीं.

मान मिळाला तोहि असाच उशिरां. खेळ सोडल्यावर अकरा वर्षांनीं, १९७१ सालीं, मन्नांस सरकारनें पद्मश्री दिली. २००० सालीं अखिल भारतीय फुटबॉल महासंघानें सहस्रकांतील फुटबॉलपटु म्हणून त्यांचा गौरव केला, आणि २००१ सालीं त्यांच्या क्लबानें त्यांस 'मोहन बागान रत्न' ही पदवी दिली. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं कलकत्त्यास त्यांचें देहावसान झालें. पेरणी व कापणी यांमध्यें किती हंगाम गेले पाहा!

आतां दोन आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला पैशाचा. मन्ना क्लबाकडून खेळाचा पगार घेत नसत. चरितार्थासाठीं ते जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी खात्यांत नोकरी करीत. कोणी म्हणेल, ज्याच्या घरीं चूल पेटण्याची सोय आहे त्यालाच अशी एकनिष्ठा परवडते. आमच्या गरीब मुलानें काय करावें? आक्षेप रास्त आहे. आज फुटबॉल हा पोटाचा धंदा होऊं शकतो, आणि आईबापांस दोन घांस सुखाचे मिळावेत म्हणून एखादा मुलगा एक क्लब सोडून दुसऱ्यांत गेला तर त्यास मी कृतघ्न म्हणणार नाहीं. मजूर आपल्या वेतनास पात्र आहे, हें तर आपलें शास्त्रच सांगतें. मन्नांपासून घ्यावयाचा धडा 'पैसे घेऊं नका' असा नाहीं. फजितीच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या जागीं हजर राहा, हा तो धडा आहे. तो पाळण्यास श्रीमंती लागत नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, राखणे हें काम नकाराचें आहे; दुसऱ्याला अडविण्यांत कसली थोरवी? राखणीच्या कामाची थोरवी मराठी माणसास समजावून सांगण्याची गरज नसावी. 'खिंड लढविणें' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत आला तोच मुळीं १६६० सालच्या बाजी प्रभु देशपांडे यांच्या पराक्रमामुळें. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. बाजी प्रभूंची खिंड एका दिवसाची होती, आणि त्या एका दिवसाला प्राणाची किंमत पडली, म्हणून तो दिवस अमर झाला. आपणां सामान्यांच्या वांट्यास येते ती खिंड रोजची असते. तेथें प्राण द्यावा लागत नाहीं, पण दर दिवशीं यावें लागतें. आणि पोवाडा कोणी गात नाहीं.

पवित्र शास्त्रांत या बाबतींतील एक न्याय आहे. अमालेकी लोकांनीं सिकलाग नगर लुटून जाळलें, तेव्हां दावीद सहाशें माणसें घेऊन त्यांच्या पाठलागास निघाला. बसोर ओहोळाशीं दोनशें माणसें थकून मागें राहिलीं व सामानाची राखण करूं लागलीं. चारशें पुढें गेलीं, लढलीं, आणि लूट घेऊन परत आलीं. त्यांतील कित्येकांचें म्हणणें पडलें कीं, मागें राहिलेल्यांस लुटींतून कांहीं देऊं नये. दाविदानें तें मानलें नाहीं. लढणाऱ्याचा व सामान राखणाऱ्याचा वांटा सारखाच असेल, असा त्यानें निर्णय दिला, आणि पुढें इस्राएलांत तोच नियम झाला. तो राजा होण्यापूर्वींचा हा न्याय आहे, आणि मला वाटतें, राज्य करण्याची त्याची लायकी या एका निर्णयांत पुरी दिसून येते.

आपल्या शाळेंतहि हा वांटा सारखा व्हावा, एवढीच माझी सूचना आहे. वार्षिक पारितोषिक समारंभांत सर्वांत अधिक गोल करणाऱ्यास चषक मिळतो, तो जरूर मिळावा. त्याच्या शेजारीं एक बक्षीस अशा मुलास वा मुलीस द्यावें, जो वर्षभर आपल्या जागेवर हजर राहिला, हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशीं सरावास आला, आणि ज्याच्यामुळें इतरांस पुढें जातां आलें. याची निवड आम्हां शिक्षकांनीं करूं नये. आम्ही मैदानाच्या बाहेर असतों. ती संघांतल्या गड्यांनींच चिठ्ठ्या टाकून करावी. पाठीशीं कोण होता, हें पुढें धांवणाऱ्यास ठाऊक असतें.

पालकांस एक विनंती. मन्ना एकोणीस वर्षें राहिले, याचें अर्धें श्रेय मी मोहन बागानला देतों. लंडनच्या पेनल्टीनंतर क्लबानें त्यांस दूर केलें नाहीं, उलट पुढें कप्तान केलें. हेलसिंकीच्या दहा गोलांनंतरहि कप्तानकी काढून घेतली नाहीं. एकनिष्ठा ही दोन बाजूंनीं पाळावयाची गोष्ट आहे. आपल्या मुलाचा पहिला क्लब म्हणजे आपण स्वतः. प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वीं, हा आंकडा एका दिवसाचा आहे कीं वर्षांचा, एवढें स्वतःस विचारावें. चुकीबद्दल बोलूं नये असें मी म्हणत नाहीं; पेनल्टी चुकली ती चुकलीच. पण ती सांगून झाल्यावर, उद्यां तुझी जागा तुझ्यासाठीं राखून ठेविली आहे, हेंहि त्याच दिवशीं मुलाच्या कानांवर पडलें पाहिजे.

आणि मुलांनो, शाळेची घंटा रोज वेळेवर वाजते. ती वाजविणाऱ्या शिपायाची आठवण आपणांस केव्हां होते? ज्या दिवशीं ती पांच मिनिटें उशिरां वाजते त्या दिवशीं. आईच्या हातच्या भाकरीची आठवण होते ती तापानें ती अंथरुणास खिळली म्हणजे. हे सर्व पाठीमागचे गडी आहेत. त्यांच्याकडे वळून पाहण्यास शिका. तुमच्यापैकीं थोडे फॉरवर्ड होतील. पुष्कळांस जन्मभर मागच्या जागाच मिळतील : दवाखान्यांत, शेतावर, शाळेंत, रेल्वेच्या केबिनींत, स्वतःच्या घरांत. ती जागा कमी प्रतीची आहे असें कोणीं सांगितलें तर त्यास दिल्लीच्या तीन सामन्यांतील तें शून्य दाखवा. आणि आपल्याच हातून एखादा दिवस बिघडला, तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठून, तोंड धुऊन, आपल्या जागीं जाऊन उभे राहा.